काही विशेष नाही

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाने आरोग्य तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. रक्तदाब, साखर, वजन, डोळे, एवढंच. देवळाशेजारच्या हॉलमध्ये चार टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी, स्पिरिटचा वास आणि बाहेर कोवळ्या उन्हात आपापल्या नंबरची वाट बघत बसलेली बहुतेक आमच्याच वयाची मंडळी. पहिल्या टेबलावर एक चुणचुणीत मुलगी फॉर्म भरत होती. नाव, वय, आधीचे आजार, चालू असलेल्या गोळ्या. हे तिच्यासमोर बसले होते, मी मागे उभी. तिने मान वर न करता विचारलं, "अंकल, दिनभर क्या करते हैं?" हे क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कुछ खास नहीं, बेटा." तिने त्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि जेवणाच्या वेळा विचारायला लागली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिला चालणं, व्यायाम, बैठं काम यांतलं काहीतरी हवं होतं. पण ते उत्तर माझ्या मनातून जाईना. ती मुलगी ज्या खुर्चीवर बसली होती ती यांनीच सकाळी सातला टेंपोतून उतरवून घेतली होती. चादरी आमच्या घरून गेल्या होत्या, आदल्या रात्री इस्त्री होऊन. शिबिराचा निरोप घरोघरी पोचवायला आदल्या आठवड्यात हे गल्ल्यागल्ल्यांतून फिरले होते. ज्यांना मोबाइलवरचा मजकूर वाचायचा कंटाळा येतो अशा घरी तर आत जाऊन, चहा घेऊन, तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून आले होते. तरी "कुछ खास नहीं". मी आठवडाभर यांच्याकडे आणि स्वतःकडेही त्या एका उत्तरातून बघत राहिले.

सोमवारी नर्मदेच्या पाण्याची पाळी होती. आमच्या घरी पाण्याचा दिवस म्हणजे बागेचा दिवस. आधी टाक्या, मग पाइप, मग मागचं अंगण. मी देवासची; आमचं लग्न झालं त्याच सुमाराला, 1978 साली, जलूदहून विंध्याचा चढ चढून नर्मदा इंदूरच्या नळाला आली. सासूबाई त्याआधीच्या टंचाईच्या आणि 1970 सालच्या आंदोलनाच्या गोष्टी सांगायच्या, विद्यार्थी आणि घरातली माणसं कशी रस्त्यावर उतरली ते सांगायच्या. नळाला भरपूर पाणी आल्यावरही त्यांनी डाळ-तांदळाचं धुवण कधी मोरीत ओतलं नाही. ते तुळशीलाच जायचं. आजही जातं. पग पग नीर, म्हणजे पावलापावलावर पाणी, असलेल्या माळव्याची माती काळी आणि मोठी हट्टी. पावसाळ्यात चपलेला धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी धरून ठेवते म्हणून गुलाबाची मुळं कुजतात. तिच्यात मुरूम, वाळू आणि खत मिसळत राहावं लागतं. वर्षानुवर्षं मिसळल्यावर आता कुठे आमच्या वाफ्यात बोट सहज आत जातं.

खताचे दोन खड्डे मागच्या भिंतीशी आहेत. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो. वाळका पाला, शेवंतीची कापलेली झाडं, भाजीची देठं, गवळ्याकडचं शेण, चुलीची राख मिळाली तर राख आणि मधूनमधून जुन्या मातीचा हात. ओलावा इतकाच, की मूठ घट्ट दाबली तर हाताला जाणवावा पण थेंब पडू नये. सोमवारी यांनी फावड्याने एक खड्डा पालटला. जानेवारीच्या थंडीत खालचा थर वर आला तशी त्यातून वाफ निघाली. मी वाकून हात घातला तर आत चांगलं गरम. वास मात्र घाणीचा नाही, पहिल्या पावसानंतर रान दरवळतं तसा. यांचे गुडघे दुखतात, म्हणून चार फावडी झाली की थांबायचं, मी पाणी शिंपडायचं, पुन्हा चार फावडी. या कामात आमचं बोलणं फार होत नाही, पण दिवसातलं सगळ्यात मोकळं बोलणं याच वेळी होतं. कुणाला किती पैसे उसने द्यायचे, लेकीच्या सासरचं काय चाललंय, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी करायची की पुढे ढकलायची, हे सगळं आम्ही खड्ड्याच्या काठावर ठरवलेलं आहे.

या खताला जगभर आपल्या गावाचं नाव आहे, इंदूर पद्धत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून 1931 पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या आपल्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, ही रीत बसवली. थरावर थर, तीनदा पालटणी आणि सुमारे तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत. 1931 सालच्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा तेही ही रीत पाहायला तिथे गेले होते. मला मात्र त्या गोष्टीत सगळ्यात जास्त ओढ वाटते ती गॅब्रिएल हॉवर्ड यांची. त्या त्यांच्या पत्नी आणि स्वतः पक्क्या वनस्पतिशास्त्रज्ञ. लग्नानंतर दोघांनी मिळून पंचवीस वर्षं हिंदुस्थानातल्या शेतीवर काम केलं, आधी बिहारातल्या पुसाला, क्वेट्ट्याला आणि मग इथे. 1930 साली त्या गेल्या, पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि त्याच वर्षी ते पुस्तक आलं. पुढे 1940 सालचं आपलं मोठं पुस्तक त्यांनी गॅब्रिएलना अर्पण केलं. इंदूरच्या उन्हात दोघं शेजारी उभे राहून ढीग उकरून पाहत असतील, ओलावा कमी आहे की जास्त यावर वाद घालत असतील, असं चित्र माझ्या मनात नेहमी येतं. त्या वादातलं किती पुस्तकात आलं आणि किती त्या दोघांपाशीच राहिलं, कोण सांगणार?

आमच्याकडून कचरागाडीत ओला कचरा जवळजवळ जातच नाही. सहा प्रकार वेगळे करायची सवय आता इंदूरच्या पोरासोरांनाही झाली आहे, आणि देवगुराडियाला 2022 पासून ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, रोज 550 टन कचरा पोटात घेण्याइतका तो प्रकल्प मोठा आहे, त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी आमची देठं आमच्याच खड्ड्यात जावीत असं मला वाटतं. ज्या घरात भाजी चिरली त्याच घरच्या जास्वंदीला ती मिळावी.

मंगळवारपासून हळदीकुंकवं सुरू झाली ती आठवडा संपेपर्यंत. एका संध्याकाळी चार-पाच घरं व्हायची. हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची करवं, तिळगुळाचा खुळखुळ वाजणारा डबा, अत्तराचा हात मनगटावर, आणि प्रत्येक घरी नको-नको म्हणताना पुढ्यात येणारी मटार-कचोरी. आमच्याकडचं हळदीकुंकू बुधवारी होतं. मी सगळ्याच बायकांना बोलावते, नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न केलेल्या. सासूबाई गेल्या त्या वर्षीपासून हे सुरू केलं, कारण शेवटची काही वर्षं त्या या दिवसांत आतल्या खोलीत बसून राहायच्या आणि ते मला पाहवत नसे. वाण म्हणून यंदा शेवंतीचे फुटवे दिले. डिसेंबरअखेर शेवंती फुलून गेली की झाड खाली छाटायचं. बुंध्याशी हिरवे फुटवे येतात, ते मुळासकट अलगद सुटे करायचे. भोगीला आणलेली आणि आणखी मागवलेली सुगडं यांनी उलटी ठेवून, खिळ्याने हळूहळू कोरून प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं. काही फुटलीच. उरलेल्यांत घरचं खत, थोडी वाळू आणि एकेक फुटवा. बायकांनी ओटीबरोबर सुगड हातात घेतलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. एकीने तिथल्या तिथे विचारलं, पिवळी की पांढरी? मी म्हटलं, नोव्हेंबरात कळेल.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच शहराने असलं एक वाण घेतलेलं आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या वेळी इथे आले. प्लेगचे दिवस. घरं झाडा, गल्ल्या साफ करा म्हणून हुकूम सोडण्याऐवजी त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर करून टाकलं, की जो भाग सगळ्यात स्वच्छ असेल त्या भागातून ती जाईल. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, तो शेवटी जाळला, आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. त्यांचा इंदूरवरचा मोठा अहवाल 1918 साली निघाला. आज स्वच्छतेत 2017 पासून पहिला नंबर म्हणून आपण मिरवतो तेव्हा मला ती तुळशीची रोपं आठवतात. ती कुठल्या कुठल्या वाड्यांत गेली असतील, कुणी जगवली असतील, कुणाच्या तुळशीच्या मंजिऱ्या कुणाच्या वृंदावनात पडल्या असतील. रामबागेतल्या आत्याबाईंकडची जुनी तुळस त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची होती. तिच्या बियांची तुळस आज आमच्याकडे आहे.

आमच्या बागेत विकत आणलेली झाडं फार थोडी. जुई आत्याबाईंची. ब्रह्मकमळ समोरच्या काकूंनी दिलेल्या एका पानाचं. सोनचाफा यांच्या खरगोनच्या एका सहकाऱ्याने बदलीच्या वेळी ट्रकमध्ये सामानावर ठेवून दिलेला, तोही आता त्या गृहस्थांच्या माघारी. गावठी गुलाबाची काडी मी एका तेराव्याहून आणली. त्या घरची सून रडत होती, मी तिच्याजवळ बसून होते, निघताना तिनेच कात्री आणली आणि म्हणाली, मामी, आईंचा गुलाब घेऊन जा, मला फ्लॅटमध्ये नेता येणार नाही. म्हणून माझ्या पर्समध्ये कात्री आणि ओलं फडकं कायम असतं. कुणाकडे गेलं तर काही घेऊन येते, काही देऊन येते. भेटीगाठी वेगळ्या, बाग वेगळी, असं मला कधी करताच आलं नाही. पाणी घालताना मी एकेका माणसापाशी थांबते. कुणी आजारी आहे हे मला कधीकधी झाडापाशी उभं असताना आठवतं आणि मी हात पुसून फोन लावते.

हळदीकुंकवाच्या बुधवारीसुद्धा हे सकाळी एमवायला, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात, गेलेच. दर बुधवारी जातात. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडक्यांपाशी उभं राहायचं, लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं ते दाखवायचं. नोकरी वीज मंडळातली, त्यातली बरीच वर्षं खरगोन आणि बडवानीत गेली, त्यामुळे निमाडी उत्तम येते, भिली कामापुरती समजते. झाबुआ, अलीराजपूर, धारहून आलेल्या माणसाला इतक्या मोठ्या इमारतीत आपल्या बोलीतला एक शब्द ऐकू आला की त्याचे खांदे खाली येतात, असं हे सांगतात. यांच्या पिशवीत दोन-तीन पेनं, बिस्किटांचे पुडे आणि वेगवेगळ्या नंबरांचे वाचायचे चष्मे असतात. गावाहून घाईने निघालेली माणसं चष्मा घरीच विसरतात. या बुधवारी एक म्हातारबाबा लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार होईनात. बायको वरच्या मजल्यावर भरती. मग हे त्यांच्याबरोबर जिना चढले, प्रत्येक वळणावर टेकत. वरती गेल्यावर बाबांनी बायकोला सगळ्यात आधी काय सांगितलं असेल, तर शेरडीला कुणाकडे बांधून आलो ते. हे घरी आले, आंघोळ केली, बराच वेळ बोलले नाहीत. संध्याकाळी बायका यायच्या आधी सुगडांवर पाण्याचा हात फिरवताना त्यांनी मला एवढं सांगितलं. बुधवारी मी यांना काही विचारत नाही. सांगायचं असलं तर झाडांपाशी सांगतात.

माझं काम गुरुवारी दुपारी. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी मी शाळा-कॉलेजची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दोन ते चार ही वेळ बरी. भाजीवाले गेलेले, कचरागाडीचं गाणं सकाळीच होऊन गेलेलं, शाळेच्या बस अजून यायच्या असतात. पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरची घंटा बंद, खिडकीवर जाड चादर. हे त्या वेळात अंगणातसुद्धा पाऊल न वाजवता फिरतात. पुस्तकं हिंदी माध्यमाची, आणि माझ्या हिंदीत देवासच्या मराठी घराचा सूर आहे, पण मुलांना त्याची सवय झाली आहे. सुरुवातीला मला वाटायचं, वाचायचं तर आहे, त्यात काय. मग आकृत्या आल्या. आलेख, तक्ते, नकाशे. "खालील नकाशात पाहा" असं पुस्तक म्हणतं, आणि ऐकणाऱ्याने कुठे पाहायचं? म्हणून नकाशा डोळ्यांनी आधी आपण नीट चालून घ्यायचा आणि मग शब्दांनी त्यांना चालवायचं. मागे एका मुलीने निरोप पाठवला होता: आंटी, नक्शे वाला हिस्सा थोड़ा धीरे पढ़िए, मैं टेबल पर उँगली से बनाती जाती हूँ.

तो निरोप आला त्या दिवसापासून माझं वाचणं बदललं. या गुरुवारी नद्यांचा धडा होता. मी स्वतः टेबलावर बोट ठेवलं आणि त्या बोटाच्या गतीने वाचलं. उजवीकडे वरती अमरकंटक. तिथून पश्चिमेकडे, जरा वळसा घेत मंडला, मग जबलपूर, तिथे संगमरवराच्या कड्यांमधून. आता सरळ डावीकडे, वर विंध्य आणि खाली सातपुडा, मधल्या फटीतून. नर्मदापुरम. ओंकारेश्वर, जिथे नदी बेटाला दोन्ही बाजूंनी धरते. मंडलेश्वर, महेश्वर. बडवानी. मग गुजरात, भडोच, आणि खंबातच्या आखातात समुद्र. एकूण 1312 किलोमीटर. मंडलेश्वरपाशी मी थांबले आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य जोडलं: इथून जवळच जलूद आहे, तुझ्या घरच्या नळाचं पाणी तिथून येतं. तेवढं जोडायची परवानगी आम्हाला असते, आपण पुस्तकाबाहेरचं सांगतो आहोत असं आधी बोलून. कुठेतरी एक मुलगी टेबलावर बोट फिरवत इंदूरपर्यंत वर येईल, या विचाराने माझा आवाज जरा भरून आला, म्हणून तो तुकडा पुन्हा वाचावा लागला.

शुक्रवारी मला कुठेही जायचं नव्हतं.

म्हणजे जायचं होतं, दोन हळदीकुंकवं, एका ठिकाणी समाचाराला, आणि संध्याकाळी मंडळाची बैठक. पण सकाळी उठले तीच अंग जड घेऊन. मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, जरा बसत जा गं. कशाला एवढी दगदग?" तो काळजीने म्हणतो, हे कळतं. लेक पुण्याहून वेगळ्या तऱ्हेने तेच विचारते. मी त्या दिवशी दुपारभर पडून राहिले आणि छताकडे बघत विचार केला, की खरंच, कशाला? याचं एक उत्तर मला ठाऊक आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावल्यावर या घरात एक शांतता येते. पूर्वी त्या वेळी पाढे, भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंची रामरक्षा असं सगळं एकदम चालायचं. आता घड्याळ ऐकू येतं. त्या तासाला बाहेर असावं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात असावं, असं आम्हा दोघांनाही वाटतं, आणि आम्ही ते एकमेकांना कधी बोलून दाखवलेलं नाही. माणूस दुसऱ्याकडे जातो तो थोडा स्वतःच्या घरातल्या शांततेमुळेही जातो. त्याने त्या जाण्याची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. म्हातारबाबांना जिना चढताना सोबत मिळाली, ती यांना मिळाली नाही असं कोण म्हणेल?

संध्याकाळी उठून मी बैठकीला गेलेच. विषय होता वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं कोण घालणार, आणि नेहमीच्या माणसांनीच नेहमीप्रमाणे हात वर केले.

शनिवारी सानंदचं, म्हणजे इथल्या मराठी नाटकं-मैफली भरवणाऱ्या संस्थेचं, नाटक. नाटक कसं होतं ते इथे सांगत नाही, त्यावर वेगळं लिहीन. मला त्याचं मध्यंतर हवं असतं. खंडवा रोडच्या सभागृहाबाहेर थंडीत शाली लपेटून उभी असलेली आपली माणसं, गजऱ्यांचा आणि कॉफीचा वास, कुणाचं मोतीबिंदू झालं, कुणाची नात अरंगेत्रम करते आहे. सानंदने आपल्या सभासदांच्या गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी नावं दिली आहेत. गाण्याची मैफल कशी ऐकावी हे ज्यांनी शहराला शिकवलं ते रामूभैया, आणि मराठी घरातून येऊन हिंदी पत्रकारितेत आदर्श ठरलेले राहुलजी. तिकिटावर ही नावं वाचली की आपण कुणाच्या मागे येऊन बसलो आहोत ते कळतं. मात्र यंदा मध्यंतरात मी नुसती डोकी बघत उभी राहिले. पांढरी, करडी, मेंदी लावलेली. काळी डोकी फार थोडी, आणि त्यांतलीही बरीचशी आईवडिलांना गाडीतून सोडायला आलेली. आमच्या रांगेतल्या दोन खुर्च्या, जिथे वर्षानुवर्षं एकच जोडपं बसायचं, तिथे यंदा अनोळखी माणसं होती. नाटक सुटल्यावर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले, जिभेला चटका बसेल इतके गरम, वर जीरावनचा मसाला आणि लिंबू. थंडीत ते नाही खाल्ले तर हिवाळा आला असं वाटतच नाही. पण ती डोकी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

रविवारी खड्ड्यापाशी मी विचारलंच. "अहो, त्या दिवशी त्या मुलीला काही खास करत नाही असं का सांगितलंत?" यांना आधी आठवेना. मग फावडं टेकवून म्हणाले, "अगं, मग काय सांगायचं? आपण जे करतो ते करायचंच असतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" आणि हे मनापासून म्हणाले. त्यात विनयाचा आव नव्हता.

ते कुठून आलं हे मी जाणते. सासूबाईंकडून. आळीत कुणी दवाखान्यात असलं की त्यांचा डबा जायचा. पितळी, चार पुडांचा. भात, वरण, एक मऊ भाजी, आणि सगळ्यात वरच्या पुडात आजाऱ्याबरोबर जागणाऱ्या माणसासाठी पोळी-चटणी. डबा किती दिवस गेला, कुणाला गेला, यावर त्या घरात कधी एक अक्षर बोलत नसत. डबा परत यायचा तो रिकामा कधीच नाही. दोन लिंबं, मूठभर शेंगदाणे, काहीतरी असायचंच. त्या कधी सांगायच्या नाहीत, तरी हे तसेच झाले, मी तशी झाले, आळीतल्या इतर सुनाही तशा झाल्या. फार दिवस मी हाच त्यांचा मोठेपणा मानत होते, की न सांगता करावं.

पण सासूबाईंना सांगायची गरजच नव्हती. त्यांचा डबा आळीतून हातात धरून चालत जायचा. ओट्यावर निवडत बसलेल्या बायका बघायच्या, गोट्या खेळणारी पोरं बघायची, आणि त्यांतल्याच एका पोराला हाक मारून तो डबा सायकलला अडकवून दिला जायचा. ते पोर म्हणजे कित्येकदा हेच. करणं दिसत होतं, म्हणून ते आपोआप पुढे गेलं. आता आमचं करणं कोण बघतं? आमची मुलं दूर आहेत. आमचे जिने, आमची दारं बंद असतात. एमवायच्या गर्दीत चष्म्यांची पिशवी घेऊन फिरणारा माणूस कुणाच्या लक्षात राहणार, आणि चादर लावलेल्या खोलीत नदी वाचणारी बाई तर कुणाला दिसतच नाही. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं असतात, हळदीकुंकवाचं बोलावणं वेळेवर येतं. बघणाऱ्याला वाटतं, हे असंच असतं. मग आम्ही नसू तेव्हा ते नसेल, आणि नसण्याचं कारणही कुणाला कळणार नाही. यांना मी हे सगळं तिथेच म्हणून दाखवलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू लिही. मला नाही येत सांगता."

म्हणून लिहिते आहे. त्या फॉर्ममधल्या रकान्यात मावलं नसतं म्हणून इथे लिहिते आहे, आणि शहरातल्या शहरात राहणाऱ्या, आमच्या मुलांच्या वयाच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. शेवंतीचे फुटवे अजून बरेच आहेत, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागतील. येताना पिशवी नको, जुनं कुंडं किंवा फुटका मग चालेल, खत आमच्याकडचं घ्या. पुढचा खड्डा होळीच्या आसपास निघेल, तेव्हा पालटायला एखादं तरुण मनगट हवं आहे. रेकॉर्डिंगसाठी विज्ञान आणि गणित वाचणारं कुणी मिळत नाही, कारण समीकरण तोंडाने सांगणं अवघड आहे. ज्यांनी ते शिकलं आहे त्यांनी आठवड्यातला एक तास दिला तरी एका वर्गाचं पुस्तक वर्षात पुरं होतं. आणि बुधवारी सकाळी साडेआठला हे स्कूटरने निघतात, मागे एक माणूस बसू शकतो. फॉर्म भरता आला की पुरे, बाकीचं तिथे गेल्यावर समजतं. निमाडी किंवा भिली येत असेल तर फारच चांगलं, तशा माणसांची तिथे रोज गरज पडते.